वाचकांचे प्रश्न : संगणकावर ग्रह आणि अवकाश रंगवताना

शालेय चित्रकला आणि संगणक या विषयावर आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेली बरीचशी पत्रे ग्रह, तारे आणि अवकाश यांच्या डिजिटल चित्रांविषयी आहेत. 23 ऑगस्टच्या राष्ट्रीय अवकाश दिनानिमित्त शाळांमधून या विषयावर स्पर्धा होऊ लागल्या आहेत, हे त्याचे एक कारण असावे. निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : आमच्या माध्यमिक शाळेत संगणक कक्ष आहे, परंतु संगणक जुने आहेत आणि पेनने रेखाटन करता येईल असे टॅबलेट नाहीत. आठवी-नववीच्या मुलांना ग्रहांची डिजिटल चित्रे शिकवायची आहेत. कोणते सॉफ्टवेअर घ्यावे आणि सुरुवात कोठून करावी?
— एक कलाशिक्षक, सांगली जिल्हा

उत्तर : सॉफ्टवेअरचा प्रश्न सोपा आहे, म्हणून तो आधी संपवू. 'क्रिटा' आणि 'जिम्प' ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत असून विंडोज आणि लिनक्स या दोन्हींवर चालतात. क्रिटा मुळात रंगकामासाठीच घडवलेले असल्याने त्यातले ब्रश अधिक सरस आहेत. जिम्पमध्ये सपाट चित्र गोलावर गुंडाळण्याची सोय आहे, आणि जुन्या संगणकांवर ते सहसा कमी कुरकुरते. पेन नसल्याची खंत बाळगू नका. ग्रह हा मुळात वर्तुळ, ग्रेडियंट (एका छटेतून दुसरीत हळूहळू मिसळत जाणारा रंग) आणि पोत यांचा खेळ असल्यामुळे माउसने काढता येण्याजोग्या विषयांत तो अगदी वरच्या क्रमांकावर येतो. माणसाचा चेहरा माउसने काढायला सांगितला असता तर गोष्ट वेगळी होती.

पहिल्या तासाला मात्र संगणक सुरूच करू नयेत, असे आम्ही सुचवू. वर्गात अंधार करावा, एकच दिवा लावावा आणि त्याच्यासमोर एक पांढरा चेंडू टांगावा. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांसाठी स्थिरचित्राचा सराव केलेल्या मुलांना छायाप्रकाश ठाऊक असतो. पण तो खोलीतला छायाप्रकाश असतो. खोलीत भिंती, टेबल आणि छत यांवरून परतलेला उजेड वस्तूच्या सावलीतल्या बाजूलाही थोडाफार उजळतो. अवकाशात भिंत नसते. म्हणून चेंडूच्या मागे आणि खाली काळे कापड लावून परतलेला उजेड शक्य तितका काढून टाकावा, म्हणजे सावलीतली बाजू जवळपास पूर्ण काळी पडते. मग दिवा न हलवता मुलांना चेंडूभोवती फिरायला सांगावे. कोर, अर्धगोल आणि पूर्ण बिंब या साऱ्या कला त्याच एका चेंडूवर दिसतात, आणि चित्र काढण्यापूर्वी सूर्य कोठे आहे व आपण कोठे उभे आहोत हे ठरवावे लागते, ही गोष्ट सांगण्याची गरजच उरत नाही.

दुसऱ्या तासाला संगणकावर हेच चार लेअरमध्ये, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक थरांमध्ये, बांधावे. सर्वांत खाली एकरंगी वर्तुळ, त्यावर पृष्ठभागाचा पोत, त्यावर 'मल्टिप्लाय' या खालचे रंग गडद करणाऱ्या मिश्रणपद्धतीत सावली आणि सर्वांत वर, ग्रहाला वातावरण असेल तर, त्याची कड. सावली वेगळ्या लेअरवर असल्याचा फायदा असा, की सूर्याची जागा बदलायची झाल्यास एकच लेअर पुन्हा करावा लागतो. नवशिकी मुले येथे हमखास मधोमध उजळ आणि सर्व बाजूंनी गडद होत जाणारा गोल ग्रेडियंट देतात, त्यामुळे ग्रह काचेच्या गोटीसारखा दिसतो. पौर्णिमेचा चंद्र नीट पाहिला तर तो कडेपर्यंत जवळपास सारखाच उजळ असतो, कारण त्याची धुळीने माखलेली खडबडीत जमीन बराचसा प्रकाश आला त्याच दिशेने परत पाठवते. उलट गुरूसारख्या वायुमय ग्रहाचे बिंब कडेला खरोखरच मंद होत जाते. म्हणजे चुकीचा वाटणारा तो ग्रेडियंट गुरूसाठी काही प्रमाणात चालतो, चंद्रासाठी चालत नाही.

आणखी दोन बारकावे सांगून ठेवतो. कोर काढताना एका वर्तुळातून दुसरे वर्तुळ कापून घेण्याची सोपी युक्ती सर्वत्र वापरली जाते. पण खऱ्या कोरीची आतली कड ही वर्तुळाचा नव्हे, तर लंबवर्तुळाचा अर्धा भाग असते आणि तिची दोन टोके नेमकी एका व्यासाच्या दोन्ही अग्रांवर येतात. दुसरा बारकावा वातावरणाच्या कडेचा आहे. पृथ्वीचा सरासरी व्यास 12,742 किलोमीटर आहे आणि अवकाशाची सीमा साधारण 100 किलोमीटर उंचीवर मानतात. त्यामुळे पृथ्वी 1,000 पिक्सेल रुंद काढली, तर निळी कड जेमतेम 8 पिक्सेलची व्हायला हवी. प्रत्यक्षात स्पर्धेतल्या चित्रांत तिचा जाड निळा पट्टा झालेला असतो, आणि मुलांनी तो आपल्याच पाठ्यपुस्तकांच्या मुखपृष्ठांवरून उचललेला असतो.

प्रश्न : माझ्या मुलीला शनी काढायला फार आवडतो, पण तिची कडी ग्रहाला चिकटवल्यासारखी दिसतात. काय चुकत असावे?
— एक पालक, डोंबिवली

उत्तर : बहुधा दोन सावल्या राहून जात असाव्यात. शनीचा गोल आपली सावली मागच्या बाजूच्या कड्यांवर टाकतो, आणि कडी आपली सावली शनीच्या गोलावर टाकतात. या दोन सावल्या आल्या, की कडी ग्रहाभोवती फिरत असल्याचा भास आपोआप होतो. यासाठी कड्यांचे दोन लेअर करावेत, मागचा अर्धा भाग ग्रहाच्या खाली आणि पुढचा अर्धा भाग ग्रहाच्या वर.

आकारही तपासून पाहावा. शनी गोल नाही. वेगाने फिरत असल्यामुळे तो ध्रुवांकडे दबलेला आहे. विषुववृत्तावरचा व्यास 1,20,536 किलोमीटर, तर ध्रुवांमधला 1,08,728 किलोमीटर आहे. तिने शनी 400 पिक्सेल रुंद काढला, तर त्याची उंची सुमारे 361 पिक्सेल घ्यावी आणि मुख्य कड्यांची बाहेरची रुंदी सुमारे 908 पिक्सेल ठेवावी. कड्यांमधली कॅसिनी फट या मापात साधारण 15 पिक्सेलची होते. पृथ्वीवरून पाहताना मार्च 2025 मध्ये ही कडी अगदी कडेवर आल्याने दिसेनाशी झाली होती, आणि आता ती हळूहळू उघडत जाऊन 2032 च्या सुमारास सर्वाधिक उघडी दिसतील. त्यामुळे कड्यांचे लंबवर्तुळ किती अरुंद किंवा रुंद काढावे याचे एकच उत्तर नाही, चित्र कोणत्या वर्षाचे आहे यावर ते ठरते.

प्रश्न : विद्यार्थी संदर्भासाठी छायाचित्रे शोधतात तेव्हा नेपच्यून एके ठिकाणी गडद निळा, तर दुसरीकडे फिकट हिरवट दिसतो. शुक्र कोठे पांढरा असतो, तर कोठे नारिंगी. यातला खरा रंग कोणता, हे मुलांना कसे सांगावे?
— विज्ञान शिक्षिका, नाशिक

उत्तर : आलेल्या सर्व प्रश्नांत हा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटला, म्हणून उत्तर थोडे लांबले तर समजून घ्यावे.

नेपच्यूनची गडद निळी छटा 'व्हॉयेजर 2' यानाने ऑगस्ट 1989 मध्ये घेतलेल्या प्रतिमांमधून रूढ झाली. ढग आणि पट्टे स्पष्ट दिसावेत म्हणून त्या प्रतिमांचा उठाव वाढवलेला होता. तसे करणाऱ्यांनी ते लपवलेही नव्हते, पण चित्र पुस्तकांतून पुढे गेले आणि खुलासा मागे राहिला. ऑक्सफर्ड विद्यापीठातील पॅट्रिक अर्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2024 मध्ये या ग्रहांच्या रंगांचे नव्याने विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यानुसार युरेनस आणि नेपच्यून हे दोघेही फिकट हिरवट-निळे असून नेपच्यून किंचितच अधिक निळा आहे. तेव्हा आपल्या विद्यार्थ्यांना सापडलेला फिकट नेपच्यून हाच डोळ्यांना दिसेल त्याच्या अधिक जवळचा आहे.

शुक्राची गोष्ट आणखी वेगळी आहे. डोळ्यांना दिसतात ते त्याचे पिवळसर पांढरे ढग. नारिंगी रंगाचा, भेगा आणि ज्वालामुखी दाखवणारा शुक्र हा 1990 नंतर 'मॅगेलन' यानाने रडारने घेतलेल्या नोंदींवरून तयार केलेला आहे. रडारला रंग कळत नाही. सोव्हिएत संघाच्या व्हेनेरा 13 आणि 14 या यानांनी 1982 मध्ये शुक्राच्या जमिनीवरून रंगीत छायाचित्रे पाठवली होती, त्यांवरून तो नारिंगी रंग बसवण्यात आला. म्हणजे पांढरा शुक्र आणि नारिंगी शुक्र ही दोन्ही चित्रे योग्यच आहेत. पहिले ढगांचे आहे आणि दुसरे ढगांखालच्या जमिनीचे.

तेजोमेघांपाशी तर हा विचार टाळताच येत नाही. हबल दुर्बिणीने 1995 मध्ये घेतलेली गरुड तेजोमेघातील वायुस्तंभांची प्रतिमा मुले सर्रास समोर ठेवून रंगवतात. त्या प्रतिमेत गंधकाच्या प्रकाशाला लाल, हायड्रोजनच्या प्रकाशाला हिरवा आणि ऑक्सिजनच्या प्रकाशाला निळा रंग दिलेला आहे. वास्तविक हायड्रोजनचा तो प्रकाश लालच असतो, गंधकाचाही लालच. दोन्ही वेगळे ओळखू यावेत म्हणून एकाला हिरवा दिला गेला. जेम्स वेब दुर्बीण तर प्रामुख्याने अवरक्त किरण टिपते, जे आपल्याला दिसतच नाहीत. तिच्या प्रतिमांत सामान्यतः लांब तरंगलांबीला लाल आणि आखूड तरंगलांबीला निळा रंग देतात, म्हणजे दिसत नसलेल्या प्रकाशाचा क्रम दिसणाऱ्या रंगांच्या क्रमात बसवतात. एप्रिल 2019 मध्ये प्रसिद्ध झालेले एम 87 या दीर्घिकेतील कृष्णविवराचे चित्र 1.3 मिलिमीटर तरंगलांबीच्या रेडिओ लहरींवरून तयार झाले होते. त्यातले नारिंगी कडे ही निव्वळ निवड होती.

वर्गात याचा उपयोग कसा करावा? 'खरा' आणि 'खोटा' अशी विभागणी करू नये, कारण मग कल्पक मुलांना आपण काही लबाडी करत आहोत असे वाटू लागते. प्रत्येकाने आपल्या चित्राखाली एक ओळ लिहावी : रंग डोळ्यांना दिसतील तसे घेतले आहेत, उठाव वाढवून घेतले आहेत, की माहिती दाखवण्यासाठी ठरवून दिले आहेत. ही ओळ लिहायची आहे हे आधीच माहीत असले, की मुले रंग उचलण्यापूर्वी विचार करतात. एकच विषय तिन्ही पद्धतींनी रंगवून घेणे हा त्याहून चांगला सराव आहे, आणि डिजिटल माध्यमात तो रंग समायोजनाचे लेअर वापरून कमी वेळात करता येतो. कागदावर तोच उद्योग करायचा म्हटले, तर एका सत्रातही आटोपणार नाही.

मंगळासाठी आपल्याकडचा संदर्भ उत्तम आहे. सप्टेंबर 2014 मध्ये मंगळाभोवती पोहोचलेल्या मंगळयानाची कक्षा अतिशय लांबट होती. त्यामुळे त्याच्यावरील रंगीत कॅमेऱ्याला दूरवरून मंगळाचे संपूर्ण बिंब एका चौकटीत टिपता आले. त्या प्रतिमा मुलांसमोर ठेवाव्यात. मंगळाच्या जमिनीवरून आकाश काढायचे असेल, तर आणखी एक गंमत सांगावी : दिवसा तिथले आकाश धुळीमुळे पिवळसर तपकिरी असते आणि सूर्यास्ताला मावळत्या सूर्याभोवतीचा भाग निळसर होतो, म्हणजे पृथ्वीच्या नेमके उलट. 'क्युरिऑसिटी' या बग्गीने 2015 मध्ये तसा सूर्यास्त रंगात टिपला आहे.

प्रश्न : मी नववीत आहे. मी चंद्रावरच्या यानाचे चित्र काढले आणि मागे खूप तारे काढले. आमचे सर म्हणाले की तिथे तारे दिसत नाहीत. चंद्रावर तर हवा नाही, मग तारे जास्तच दिसायला हवेत ना?
— एक विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : तुझा तर्कही बरोबर आहे आणि तुझ्या सरांचे म्हणणेही. आकाशात तारे असतातच. पण उन्हात चमकणारी जमीन आणि यान नीट टिपण्यासाठी कॅमेऱ्याची झडप अगदी थोडा वेळ उघडली जाते, आणि तेवढ्या वेळात मंद तारे उमटत नाहीत. तेव्हा तू ठरव, की तुझे चित्र कॅमेऱ्याने पाहिलेले आहे, की तुझ्या कल्पनेने. तारे ठेवायचे असतील तर यान सावलीत किंवा रात्रीच्या बाजूला ठेव. तारे सगळे पांढरे आणि एकाच आकाराचे मात्र ठेवू नकोस. मृग नक्षत्रात काक्षी तांबूस दिसतो आणि राजन्य निळसर पांढरा; तसे मोजके तारे मोठे व रंगीत आणि बाकीचे अगदी बारीक ठेवलेस, तर आकाशाला खोली येईल. चंद्रकोरीच्या दोन टोकांच्या मधल्या काळ्या भागात मात्र तारा कधीच काढू नकोस. तिथे न उजळलेला चंद्र असतो, आणि चंद्राच्या आरपार तारा दिसत नाही!

प्रश्न : ग्रहांची अंतरे आणि आकार यांचे प्रमाण चित्रात कसे राखावे? प्रमाण राखले तर काहीच दिसत नाही, न राखले तर चित्र चुकते.
— एक शिक्षक, फोंडा, गोवा

उत्तर : तक्रार रास्त आहे. एकाच चौकटीत आकार आणि अंतर दोन्ही प्रमाणात बसवणे संपूर्ण सूर्यमालेसाठी शक्य नाही. पण पृथ्वी आणि चंद्र यांच्यासाठी शक्य आहे, आणि तोच पहिला सराव ठेवावा. 1,920 पिक्सेल रुंदीच्या कॅनव्हासवर पृथ्वी 40 पिक्सेलची घेतली, तर चंद्र 11 पिक्सेलचा होतो आणि तो पृथ्वीपासून सुमारे 1,207 पिक्सेल दूर ठेवावा लागतो. चंद्र आपल्या शेजारी असल्याची समजूत असलेल्या मुलांना हे मोकळे काळे अंतर चकित करते. याच मापाने सूर्याचा व्यास जवळजवळ 4,370 पिक्सेल होतो आणि तो सुमारे 4 लाख 70 हजार पिक्सेल अंतरावर, म्हणजे असे 245 कॅनव्हास शेजारी शेजारी मांडल्यावर येतो. हे गणित मुलांकडूनच करून घ्यावे.

त्यापुढे किलोमीटरचे प्रमाण सोडून कोनांचे प्रमाण धरावे, कारण चित्रकाराला शेवटी तेच लागते. समजा, चित्राची रुंदी 60 अंशांचे दृश्य दाखवते. तर 1,920 पिक्सेलमध्ये एक अंश म्हणजे 32 पिक्सेल. पृथ्वीवरून दिसणारा चंद्र अर्ध्या अंशाचा, म्हणून 16 पिक्सेल. चंद्रावरून दिसणारी पृथ्वी सुमारे दोन अंशांची, म्हणून 64 पिक्सेल. गुरूचा उपग्रह आयो याच्या जमिनीवरून दिसणारा गुरू सुमारे 19 अंशांचा, म्हणजे 600 पिक्सेलहून मोठा. हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंश झाकते, तेव्हा आयोवर उभ्या असलेल्या माणसाला गुरू झाकण्यासाठी जवळजवळ दोन मुठी लागतील. नेपच्यूनवरून दिसणारा सूर्य मात्र या चित्रात एका पिक्सेलपेक्षाही लहान होतो. तो केवळ लखलखीत ठिपका म्हणून दाखवावा.

23 ऑगस्टच्या स्पर्धांसाठी हे विशेष उपयोगी आहे. विक्रम लँडर आणि वर आकाशात मधोमध पूर्ण गोल पृथ्वी, हे चित्र आता जवळपास ठरून गेले आहे. विक्रम जिथे उतरले ती जागा चंद्राच्या सुमारे 69 अंश दक्षिण अक्षांशावर आणि 32 अंश पूर्व रेखांशावर आहे. तिथून पृथ्वी माथ्यावर दिसत नाही. ती क्षितिजापासून साधारण 18 अंशांवर, म्हणजे दोन मुठींहून कमी उंचीवर असते, आणि चंद्राची एकच बाजू पृथ्वीकडे राहत असल्याने ती उगवत-मावळत नाही, जवळपास त्याच जागी राहते. तिची दक्षिणेकडची बाजू वर असते, त्यामुळे भारत दिसलाच तर उलटा दिसतो. 23 ऑगस्ट 2023 रोजी आपल्याकडून चंद्र जवळजवळ अर्धा उजळलेला होता, म्हणून तिथून पृथ्वीही जवळजवळ अर्धीच उजळलेली होती. त्या जागी सूर्य दुपारीसुद्धा 22 अंशांपेक्षा वर चढत नाही, आणि उतरण्याची वेळ तिथल्या सकाळची होती. त्यामुळे प्रत्येक दगडाची सावली खूप लांब पडलेली असणार. क्षितिजाजवळ अर्धी, उलटी पृथ्वी आणि लांबच लांब सावल्या, हे चित्र ठरीव चित्रापेक्षा किती तरी अधिक नाट्यमय आहे. 'स्टेलेरियम' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये निरीक्षकाची जागा चंद्रावर ठेवता येते. तिथे अक्षांश-रेखांश आणि तारीख भरून मुलांना स्वतःच पडताळू द्यावे.

प्रश्न : विद्यार्थ्यांनी काढलेली चंद्रावरची विवरे खड्ड्यांसारखी न दिसता फोडांसारखी दिसतात. यावर उपाय काय?
— कलाशिक्षिका, बुलढाणा जिल्हा

उत्तर : प्रकाश वरून येतो असे आपली नजर गृहीत धरते. विवराच्या चित्रात प्रकाश खालून दाखवला, की खड्डा उंचवटा वाटू लागतो. तेच चित्र उलटे केले, की तो पुन्हा खड्डा होतो. हा प्रयोग 'रोटेट' या एका आज्ञेने वर्गात करता येतो. सुरुवातीला प्रकाश डावीकडून वरून ठेवावा. मग विवराची प्रकाशाकडची आतली भिंत सावलीत जाते, समोरची भिंत उजळते आणि बाहेरचा किंचित उचललेला काठ याच्या नेमका उलट रंगतो. प्रत्येक विवरासाठी ही दिशा एकच राहिली पाहिजे. ब्रशचा शिक्का मारत जाणारी मुले शिक्का फिरवतात आणि चंद्रावर अनेक सूर्य उगवतात.

आपला जिल्हा तर या विषयासाठी भाग्यवान आहे. लोणारचे विवर हे बसॉल्ट खडकात उल्काघाताने झालेले, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे साधे वाडग्याच्या आकाराचे विवर आहे, आणि चंद्रावरील लहान विवरे याच घडणीची असतात. शक्य असेल तर सकाळी आणि दुपारी त्याच्या काठावरून दोन रेखाटने करून घ्यावीत. सरोवर आणि झाडी वगळून केवळ काठाचा आकार आणि सावली टिपावी. मोठी विवरे मात्र लोणारची मोठी आवृत्ती नसतात. टायको हे 85 किलोमीटर व्यासाचे विवर पाहिले तर त्याच्या भिंतींना पायऱ्या पडलेल्या आहेत, मधोमध डोंगर आहे आणि रुंदीच्या मानाने ते उथळ आहे. मुले ते विहिरीसारखे खोल काढतात, ते टाळावे. चंद्राचा रंगही गडदच ठेवावा : तो आपल्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी जेमतेम 12 टक्के परत पाठवतो. जुलै 2015 मध्ये 'डिस्कव्हर' या उपग्रहाने पृथ्वीसमोरून जाणाऱ्या चंद्राच्या प्रतिमा घेतल्या. पृथ्वीच्या शेजारी चंद्र किती काळपट दिसतो, हे त्या पाहिल्यावर कळते.

प्रश्न : इतके सगळे शास्त्राबरहुकूम काढायचे, तर कल्पनेला वाव कोठे राहिला? मुले चित्र काढत आहेत, की भूमितीचा गृहपाठ करत आहेत?
— एक निवृत्त कलाशिक्षक, कोल्हापूर

उत्तर : सर, हा प्रश्न आपण विचारलात हे बरे झाले, कारण वरची उत्तरे वाचून अनेकांच्या मनात तो आला असेल.

अवकाशचित्रकलेतले एक अतिशय गाजलेले चित्र अमेरिकेतील चेस्ली बोनस्टेल यांनी काढलेले आहे. टायटन या उपग्रहावरून दिसणारा शनी हा त्याचा विषय, आणि ते 1944 मध्ये 'लाइफ' या नियतकालिकात छापले गेले. वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या आणि चित्रपटांसाठी पार्श्वभूमी रंगवणाऱ्या बोनस्टेल यांनी दृष्टिकोन आणि मापे अतिशय काटेकोरपणे सांभाळली होती. त्याच वर्षी खगोलशास्त्रज्ञ जेरार्ड कायपर यांनी टायटनला वातावरण असल्याचा शोध प्रसिद्ध केला. पुढे 14 जानेवारी 2005 रोजी 'हायगन्स' यान तिथे उतरले, तेव्हा आकाशात दाट नारिंगी धुरक्यापलीकडे काहीच दिसत नव्हते. टायटनवरून शनी डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ते चित्र टाकाऊ ठरले का? आमच्या मते मुळीच नाही. त्यांची मांडणी त्या काळी ठाऊक असलेल्या गोष्टींशी प्रामाणिक होती, म्हणूनच ती पटत होती आणि आजही पटते.

चंद्राच्या डोंगरांबाबत मात्र आम्ही दुसऱ्या चित्रकाराच्या बाजूने उभे राहू. बोनस्टेल यांनी चंद्राचे डोंगर टोकदार आणि उभ्या कड्यांचे रंगवले. त्यांच्याही आधी फ्रान्सचे खगोल-चित्रकार ल्युसियाँ रुदो यांनी दुर्बिणीतून चंद्राच्या कडेचे निरीक्षण करून ते गोलसर, झिजलेले दाखवले होते, आणि अपोलो मोहिमांनी रुदो यांचेच म्हणणे खरे ठरवले. टोकदार डोंगर अधिक नाट्यमय होते, यात शंका नाही. पण रुदो यांनी जे पाहिले ते काढले, आणि सवयीचे नाट्य नाकारायलाही कल्पनाशक्ती लागतेच.

ज्या मुलांना पूर्ण मोकळीक हवी, त्यांना परग्रहमालांकडे न्यावे. 'ट्रॅपिस्ट-1' हा सुमारे 40 प्रकाशवर्षे दूर असलेला लहान, थंड तारा आहे. त्याच्याभोवती पृथ्वीच्या आसपासच्या आकाराचे सात ग्रह असल्याचे 2017 मध्ये जाहीर झाले. त्या ग्रहांचा पृष्ठभाग कोणीही पाहिलेला नाही, तेव्हा जमीन, ढग आणि समुद्र मुलांनी हवे तसे कल्पावेत. प्रकाश मात्र एकच असावा. येथेही एक गंमत आहे : लाल बटूतारा म्हटल्यावर मुले सारे चित्र रक्तासारखे लाल करतात, पण त्या ताऱ्याचे तापमान साधारण 2,550 केल्विन आहे, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बमधल्या तारेच्या जवळपासचे. तिथला उजेड लाल दिव्यासारखा नव्हे, तर त्या बल्बच्या उजेडासारखा उबदार पिवळा भासेल. इतके ठरवून दिले, की बाकी सगळे मैदान मुलांचेच आहे, सर.

प्रश्न : स्पर्धेत एआय वापरून केलेली चित्रे स्वीकारावीत का? आणि इंटरनेटवरची छायाचित्रे पोत म्हणून वापरता येतात का?
— स्पर्धेच्या आयोजक, पुणे

उत्तर : शिकवण्याच्या स्पर्धेत एआयने तयार केलेले चित्र स्वीकारू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे, कारण वाक्य लिहून मिळालेल्या चित्रात प्रकाशाचा निर्णय विद्यार्थ्याने घेतलेला नसतो. वर्गात मात्र अशा चित्रांचा चांगला उपयोग होतो : सावल्या जुळत नसलेले, कड्यांची सावली विसरलेले चित्र समोर ठेवून मुलांना चुका शोधायला सांगाव्यात. चुका शोधण्यात मुले आपल्यापेक्षा हुशार असतात. स्पर्धेसाठी लेअर असलेली मूळ फाइल मागवणे हा पुरेसा बंदोबस्त आहे.

छायाचित्रांबाबत बोलायचे, तर 'नासा'च्या बहुतेक प्रतिमांवर स्वामित्वहक्क नसतो. श्रेय द्यावे आणि संस्थेचे बोधचिन्ह वापरू नये. गुरूभोवती फिरणाऱ्या 'जुनो' यानाच्या जुनोकॅम या कॅमेऱ्याच्या कच्च्या प्रतिमा तर लोकांनी त्यांवर संस्कार करावेत म्हणूनच खुल्या ठेवल्या आहेत. मोठ्या मुलांना ते काम जरूर द्यावे. युरोपीय संस्था आणि 'इस्रो' यांच्या अटी वेगळ्या आहेत, त्या त्यांच्या संकेतस्थळांवर वाचून घ्याव्यात.

प्रश्न : पडद्यावर सुंदर दिसणारे अवकाशचित्र छापल्यावर काळपट येते आणि आकाशात पट्टे दिसतात. काय करावे?
— कलाशिक्षक, लातूर

उत्तर : पट्टे येतात ते गडद रंगांच्या लांब ग्रेडियंटमुळे. 8 बिटच्या फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 च पायऱ्या असतात, आणि काळ्यापासून गडद निळ्यापर्यंतच्या उतारात त्यांतल्या थोड्याच वाट्याला येतात. क्रिटामध्ये फाइल तयार करतानाच 16 बिट निवडावे, आणि शेवटी आकाशावर अगदी हलका 'नॉइज', म्हणजे बारीक विखुरलेले दाणे, द्यावा. त्याने पट्टे मोडतात. छपाईसाठी कॅनव्हास सुरुवातीपासूनच मोठा घ्यावा. ए-3 आकारासाठी 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) 3,508 गुणिले 4,961 पिक्सेल लागतात. पडदा स्वतः प्रकाश टाकतो आणि कागद टाकत नाही, म्हणून सावलीतले तपशील पडद्यावर थोडे जास्तच उजळ वाटतील इतके ठेवावेत. सर्व चित्रे एकदम छापायला देण्याआधी एकाच चित्राची ए-4 आकाराची चाचणी प्रत काढून ती दिवसाच्या उजेडात पाहावी.